पाऊस नसलेला पूर

आमच्या कॉलेजच्या मराठीच्या मॅडम या अंकाचं काम बघतात. त्या म्हणाल्या, "तू शिकवणी घेतेस ना? तिथले अनुभव लिही. गमतीजमती असतीलच. हलकंफुलकं होऊ दे." मी हो म्हटलं आणि घरी आले. पण लिहायला बसले की हलकं काही येईना. राग येत होता. म्हणून मॅडमची आधीच माफी मागते.

कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे बाबा बंदरातून निघणारा ट्रेलर चालवतात आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. उरणजवळच्या आमच्या गावात एका सरांचा क्लास आहे. तिथे मी आठवी ते दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. खरं तर मराठी नव्हे, मराठीचा पेपर शिकवते. हा फरक मला पहिल्या दिवशी माहीत नव्हता.

ज्यांची शाळा सुटून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी हे काम काय असतं ते सांगते. मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण असतं. त्यात आशयसौंदर्य लिहायचं, काव्यसौंदर्य लिहायचं, भाषिक वैशिष्ट्यं लिहायची. पुढे लेखनाचा प्रश्न असतो. त्यात एखादा प्रसंग, एखाद्या वस्तूचं आत्मकथन किंवा एखादा विचार मांडायचा. निबंधाला प्रस्तावना हवी, मुद्दे हवेत, परिच्छेद हवेत, समारोप हवा. हे शब्द मुलांना सहावी-सातवीपासून माहीत असतात. त्यांचा अर्थ मात्र फारसं कोणी सांगत नाही. त्याची गरजच पडत नाही, कारण प्रत्येक शब्दासाठी एक तयार वाक्य असतं. आमच्या क्लासमध्ये त्याला साचा म्हणतात. आशयसौंदर्य म्हटलं की लिहायचं, "कवीने साध्या, सोप्या पण आशयघन शब्दांत मानवी मूल्यांचा संदेश दिला आहे." कविता कुठलीही असो. ती वाचलेली असण्याचीही अट नाही.

मी स्वतः याच साच्यांवर दहावीला मराठीत पहिली आले होते. मग कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मॅडमनी एक कथा वाचून दाखवली आणि विचारलं, "या कथेचा आशय काय वाटतो तुला?" मी उभी राहिले आणि घडाघडा म्हणाले, "लेखकाने साध्या, सोप्या पण आशयघन शब्दांत..." मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "आशयघन म्हणजे काय गं?" मला सांगता येईना. किती वर्षं तो शब्द लिहीत होते, त्याच्यावर गुण घेत होते, आणि त्याच्या आत काय आहे ते मी कधी उघडून पाहिलं नव्हतं. तेव्हा लाज वाटली. राग नंतर आला, शिकवायला लागल्यावर. ज्यांनी मला तो शब्द दिला त्यांनी आत काय आहे ते दाखवलं असतं तर त्यांचं काय जाणार होतं?

गमतीजमती म्हणाल तर त्या आहेत. सुजल नावाचा एक मुलगा होता. पाठांतराला पक्का. त्याला झाडाचं आत्मकथन तोंडपाठ होतं आणि परीक्षेत आलं 'मी एसटी बोलतेय'. सुजल डगमगला नाही. झाड खोडून त्याने एसटी घातली. त्याची एसटी म्हणत होती, "माझ्या गार सावलीत वाटसरू विसावतात. मुले माझी गोड फळे खातात. पण हाय! माणसाने माझ्यावर कुऱ्हाड चालवली." मी पोट धरून हसले. मग गुण पाहिले. आठपैकी पाच. तपासणाऱ्याने प्रस्तावना पाहिली, समारोप पाहिला, शेवटी 'पर्यावरण वाचवा' पाहिलं आणि पाच दिले. एसटीला फळं लागली याचं त्याला काही वाटलं नाही.

यशचं तर घर खाडीला लागून. त्याच्या वडलांची होडी आहे. त्याने 'समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळ' लिहिली, "आम्ही सहलीला समुद्र पाहायला गेलो. तो अथांग सागर पाहून मी हरखून गेलो."

मी विचारलं, "यश, समुद्र बघून तू हरखून गेलास?"

"नाय ताई."

"मग?"

"पन हरखावा लागतं ना. सरांनी सांगितलाय, हरखल्यावर अर्धा मार्क."

वर्ग हसला. मीही हसले. पण त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, यशकडे समुद्राबद्दल सांगायला खूप काही आहे. भरती कधी लागते, कुठल्या वाऱ्याला होडी काढायची नाही, आई खाडीच्या चिखलातले निवटे मासे कशी पकडते, सगळं त्याला ठाऊक आहे. आणि आपण त्याला शिकवतोय की त्यातलं काही लिहू नकोस, सहलीला आलेल्या पाहुण्यासारखा हरखून दाखव.

आता सानिकाचं सांगते. सगळा राग तिथलाच आहे.

सानिका दहावीत होती. नववीत मराठीत नापास होता होता वाचलेली. गणितात बरी, विज्ञानात बरी आणि मराठीत कच्ची, म्हणजे जी भाषा ती झोपेतही बोलते तिच्यात. तिचा भाऊ दहावीला मराठी आणि इंग्रजीत गेला तो परत बसलाच नाही, वडलांच्या ट्रेलरवर क्लीनर म्हणून जायला लागला. सानिकाला अकरावीला सायन्सला जायचं होतं. तिची आई तिला क्लासला सोडायला आली तेव्हा म्हणाली, "ताईस ना तू तिची? मंग ही मराठीत निघाली पायजे, येवढाच बग. पोरगा गेला, ही तरी पुढं जाऊंदे."

सानिकाला साचे पाठ होत नसत. तिची वाक्यं मध्येच तुटायची. मी तिला प्रस्तावना लिहायला सांगितली की ती पेनाचं टोपण चावत बसायची. एकदा वैतागून म्हणाली, "ताई, प्रस्तावना म्हंजे नक्की काय? सांगायचा ते सरळ का नाय सांगायचा?"

तेव्हा मला सुचलं. आमची शेती खार जमिनीत आहे. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला तो कधी कुठे फुटतो, त्याला आम्ही खांड गेली म्हणतो. खारं पाणी भातात शिरलं की ते पीक तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन उठत नाही. म्हणून खांड गेल्याची हाक आली की घरटी एक माणूस बांधावर जातो. शेत कोणाचं, भांडण कोणाशी, हे त्या दिवशी कोणी बघत नाही. रांग लावून चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे आणि ओहोटी लागेपर्यंत रांग सोडायची नाही. याला जोळ म्हणतात. वर्गातल्या प्रत्येक मुलाला जोळ माहीत होती.

मी फळ्यावर बांध काढला आणि विचारलं, "खांड गेली की पहिला माणूस काय करतो?"

"वरडतो!" सगळे ओरडले.

"काय ओरडतो? 'मानव आणि निसर्ग यांचे नाते अतूट आहे' असं?"

"नाय! 'खांड गेलीऽऽ' असा. आनी कुठं गेली ते."

"ती प्रस्तावना. ऐकणारा हातातलं टाकून धावला पाहिजे. मग पुढे?"

"पयले लाकडाच्या मेढी ठोकायच्या. मंग पेंढा. मंग चिखल."

"आधी चिखल टाकला तर?"

"व्हाऊन जाईल," यश म्हणाला.

"हे मुद्दे. कशावर काय टिकेल ते बघून एकामागून एक ठेवायचे. आणि शेवटी?"

सानिकाने हात वर केला. क्लासला आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "शेवटी सगले बांधावर चढून नाचतात. पानी झिरपते का ते बघाला."

"तो समारोप," मी म्हटलं. "त्यात भाषण नसतं. केलेलं टिकतंय का, ते पाय देऊन बघायचं."

तो तास मी आयुष्यभर विसरणार नाही. मुलं ते शब्द घेऊन एकमेकांना चिडवायला लागली. कोणी उगाच पाल्हाळ लावला की बाकीचे म्हणायचे, "ए, प्रस्तावना नको करू." शब्द एकदाचे त्यांच्या तोंडात बसले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सर्वपित्री अमावास्येला, खरोखरच खांड गेली. भर दुपारी, लख्ख उन्हात. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. घराघरात पितरांची पानं वाढायची गडबड होती. मी कॉलेजला होते. सानिकाचे बाबा आणि भाऊ ट्रेलर घेऊन गुजरातला गेलेले, आई चुलीपुढे. घरटी एक माणूस, म्हणून सानिका गेली.

पुढे क्लासच्या सराव परीक्षेत विषय आला, 'पुराने घातलेले थैमान'. सानिकाने ती खांड लिहिली. पेपर तपासायला सरांकडे जायच्या आधी मी तो वाचला. पहिलं वाक्य होतं, "खांड गेली तेव्हा आमच्या चुलीवर वडे होते आणि बाबा गुजरातला होता."

मी तिथेच थांबले. उभी होते ती बसले. पुढे तिने रांग सांगितली होती. तिच्या एका बाजूला कोण, दुसऱ्या बाजूला कोण, आणि ते दोघे एकमेकांशी बोलत नसल्यामुळे तिला मध्ये उभं केलं होतं, हेही होतं. हातातला चिखल गरम होता असं लिहिलं होतं. पाणी पांढरं दिसत होतं, कारण त्याच्यावर ऊन होतं. कुठे साचा नाही, कुठे 'पण हाय!' नाही. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, मी नाही म्हणत नाही. शेवटचं वाक्य मी नंतर सांगते.

पेपर परत आला. आठपैकी दोन. लाल शाईत लिहिलं होतं: "प्रस्तावना नाही. पाऊस कुठे आहे? ग्राम्य शब्द टाळा. समारोप नाही."

मी पेपर घेऊन सरांकडे गेले. मला भांडता येत नाही. मोठ्या माणसांसमोर माझा आवाज बारीक होतो. तरी म्हटलं, "सर, खांडीला पाऊस लागत नाही. उधाणाने जाते."

सर हसले. ते शेजारच्याच गावचे. म्हणाले, "मला खांड शिकवतेस? माझा बाप बांधावर म्हातारा झाला. तुझ्याएवढा असताना गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिलोय मी."

"मग सर, हे खरं आहे ना तिने लिहिलेलं?"

"खरं आहे. चांगलंही आहे."

"मग दोन?"

"बस जरा," ते म्हणाले. "बोर्डाचा पेपर मी तपासणार नाही. तो गठ्ठा कुठे जाईल देव जाणे. जिथे जाईल तिथल्या माणसाने खांड पाहिलेली नसेल. त्याच्यापुढे पेपरांचा डोंगर आहे. पूर म्हटलं की त्याला काळे ढग दिसले पाहिजेत, विजा दिसल्या पाहिजेत, म्हणजे त्याचा हात आपोआप गुण देतो. उन्हातला पूर बघून तो म्हणेल, पोरीला विषयच कळला नाही. मी आज दोन दिले म्हणून ती मार्चमध्ये वाचेल. आणि एक लक्षात ठेव, तुला मी साहित्यासाठी नाही ठेवलेलं, निकालासाठी ठेवलंय."

मी पेपर उचलून बाहेर आले. राग त्यानंतर जास्त आला. सर अडाणी असते तर बरं झालं असतं. मी घरी येऊन त्यांना नावं ठेवली असती आणि विषय संपला असता. पण त्यांना सगळं माहीत होतं. उन्हातला पूर त्यांनी अंगावर घेतलेला होता. तरी त्यांच्या हाताने ते लाल शाईत लिहिलं, पाऊस कुठे आहे.

संध्याकाळी सानिकाची आई आमच्या ओट्यावर आली. चप्पलही काढली नाही.

"काय गं, तू शिकवाला गेलतीस का नापास कराला? पोरगी म्हनते, ताईनी सांगितला तसाच लिवला. दोन मार्क! दोन! तुझा कालेज झाला, आता आमच्या पोरीवर शिकतेस काय?"

माझी आई मध्ये पडली, "बस तरी गं, पानी घे."

"पानी नको मना. पोरगी पास पायजे."

मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण मी बरोबर असण्याची किंमत सानिका भरणार होती. मराठीत राहिली असती तर तिची अकरावी गेली असती, माझं काय गेलं असतं?

दुसऱ्या दिवशी सानिका क्लास सुटल्यावर थांबली. डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, मला साचा दे. पुराचा."

मी म्हटलं, "तुझा निबंध चांगला होता, सानिका. खरंच सांगते. सरही तेच म्हणाले."

"चांगला असू दे," ती म्हणाली. "मला साचा दे."

मी दिला. काळेकुट्ट ढग, विजांचा कडकडाट, नदीचं रौद्र रूप. आमच्या गावाला नदी नाही. तिने सगळं पाठ केलं, माझ्यापुढे उभी राहून म्हणून दाखवलं. जी मुलगी साचा पाठ होत नाही म्हणून रडायची, तिचं एक अक्षर चुकलं नाही. मी शाबास म्हटलं. तो शब्द म्हणताना मला माझाच राग आला, सरांचा आला, आणि त्या कुठल्यातरी गावच्या, मी कधीही न पाहिलेल्या तपासनिसाचा आला, ज्याच्यासाठी आम्ही सगळे मिळून आभाळात ढग गोळा करत होतो.

सानिका पास झाली. नुसती पास नाही, क्लासमध्ये मराठीत पहिली. पेढे घेऊन आली तेव्हा हसत म्हणाली, "ताई, पूरच आला होता पेपरात. पाडला मी पाऊस. धो धो पाडला." तिच्या आईने माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. सरांनी नाक्यावर फ्लेक्स लावला. त्यावर सानिकाचा मोठा फोटो आणि खाली 'मराठी विषयात प्रथम'. मी रोज कॉलेजला जाताना त्या फ्लेक्सखालून जाते. सानिका आता सायन्सला आहे. तिला जे हवं होतं ते मिळालं. मी आनंदी असायला हवं, आणि बऱ्याच अंशी आहे. पण त्या फ्लेक्सकडे बघितलं की माझ्या दाढा आवळल्या जातात.

कारण मला माहीत आहे तिने काय लिहून दाखवलं होतं. तिला ते येत होतं. आम्ही तिला शिकवून शिकवून ते बंद केलं आणि बंद केल्याबद्दल तिचा फोटो लावला.

यंदा भादव्याच्या पौर्णिमेला पुन्हा खांड गेली. पुन्हा ऊन. बाबा ट्रेलरवर होते, म्हणून आमच्या घरातून मी गेले. मी पहिल्यांदाच जोळीला उभी राहत होते. फळ्यावर बांध काढणारी मी, चिखल कसा उचलतात तेही मला धड माहीत नव्हतं. रांगेत माझ्या पुढे सानिका होती. मी गोळा नीट थापत, कडेची माती आत दाबत बसले तशी ती मागे वळून ओरडली, "ताई, प्रस्तावना नको करू! चिखल दे!"

रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. यश होता, सुजलही होता. कोणीतरी ओरडलं, "ताईला दोन मार्क!" मीही हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडावर चिखल असल्यामुळे कोणाला कळलं नाही.

ओहोटी लागली. सगळे बांधावर चढून नाचले. पाणी झिरपत नव्हतं. आम्ही दोघी पाय धुवायला खाली उतरलो तेव्हा मी तिला विचारलं, "सानिका, तो तुझा निबंध आहे का गं? खांडीचा?"

"कनचा?"

"सराव परीक्षेतला."

"तो होय." ती पायावरचा चिखल खरवडत होती. "तो फाडला मी."

"का गं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही साधंसुधं विसरले होते. "दोनच मार्क होते ना त्याला."

मॅडम, म्हणून मी हे लिहिलं. मी अजून त्याच क्लासमध्ये शिकवते. हा अंक सरांच्या हातात पडेल. पडू दे. सानिकाचा निबंध आता कुठेही नाही. मधलं काय काय होतं ते मी वर सांगितलं, पण ते माझ्या शब्दांत. तिचे शब्द मला आठवत नाहीत. मी तो पेपर दोनदाच वाचला होता. तिची म्हणून मला पहिलं आणि शेवटचं अशी दोनच वाक्यं पाठ आहेत. म्हणजे लाल शाईने जी नाहीत म्हणून लिहिलं होतं, ती प्रस्तावना आणि तो समारोप, तेवढंच उरलं आहे. ते तरी कुठेतरी छापलेलं असावं.

"खांड गेली तेव्हा आमच्या चुलीवर वडे होते आणि बाबा गुजरातला होता."

आणि शेवटी:

"आम्ही घरी आलो तेव्हा कावळे न बोलावता जेवून गेले होते."